डोंगरबाजूचा गेम

नलू,

तुला जाऊन पंधरवडा होत नाही तोच पेपरात तुझी बातमी छापून आली. फोटो जुना आहे, केस बॉबकट केले होतेस तेव्हाचा, तुला अजिबात न आवडणारा. कुठे जन्मलीस, कुठे खेळलीस, काय जिंकलीस, सगळं चार ओळींत बसवलंय. तुझ्या आयनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पान घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. मी काही ते पुन्हा वाचणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू मधूनच उठून गेलीस. अशी खोड तुला कधीच नव्हती. पाय मुरगळला तरी मॅच सोडायची नाहीस, आणि ऐन माझ्या वेळेला सोडलीस.

तू म्हणशील, वंदीचं डोकं फिरलंय. फिरलंयच. पालघरच्या शाळेत शिकवून घरी येते, चहा टाकते आणि दोन कप काढते. मग एक परत फळीवर ठेवते. रोज ठेवते, रोज पुन्हा काढते.

आपलं कोर्ट ज्या कुणी आखलं त्याला टेनिस कळत नव्हतं हे माझे वडील, अण्णा, शेवटपर्यंत म्हणायचे. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून कोर्ट उत्तर-दक्षिण आखतात. प्रकल्पाच्या वसाहतीत मोकळी जागा मिळाली ती आडवी, म्हणून त्यांनी ते पूर्व-पश्चिम टाकलं. एका टोकाला उभं राहिलं की पाठीशी समुद्र, दुसऱ्या टोकाला पाठीशी डोंगर. दुपार कलली की समुद्रकाठच्या घिवलीकडून वारा सुटायचा. डोंगरबाजूला जो असेल त्याच्या तोंडावर वारा आणि डोळ्यांत मावळतीचं ऊन, दोन्ही एकदम. नियमाप्रमाणे बाजू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बदलायची, म्हणजे मध्ये दोन गेम सलग एकाच बाजूला काढायचे. आमच्याकडे ते जमेना. साहेब लोकांची रोज वादावादी. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, इथे बाजू प्रत्येक गेमनंतर बदलायची. एका माणसानं सलग दोन गेम वारा खायचा नाही. माझे अण्णा कराडकडून नोकरीला आलेले साधे फोरमन, टेनिस इथेच येऊन शिकलेले, पण हा नियम ते देवासारखा पाळायचे.

आणि तू त्या कोर्टावर आलीस ती बोंबलांमागून. तुझ्या बाबांना प्रकल्पात नोकरी लागली, तुम्ही घिवलीचं घर सोडून आमच्या मागच्या इमारतीत राहायला आलात. तुझ्या आयला बोंबील सुकवल्याशिवाय चैन पडेना. गॅलरी वीतभर. मग तिनं कोर्टाची जाळी पाहिली. सकाळभर कुणी नसतं, ऊन भरपूर, वारा भरपूर. एके दिवशी संध्याकाळी मंडळी खेळायला आली तर तिन्ही बाजूंनी जाळीवर बोंबील लटकलेले. क्लबच्या सेक्रेटरींचा चेहरा मला अजून आठवतो. तुझी आय मात्र शांत. "दिवसभर ऊन फुकट जातंय सायब. तुमी तर संध्याकाळीच येता. आमी तवर काढून घेतो की."

तू त्या बोंबलांची राखण करत होतीस. हातात काठी, अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट. कावळा बसायला आला की तू धावत जाऊन अशी काठी फिरवायचीस की त्याचं शेपूट थोडक्यात वाचायचं. पहिले काही दिवस ते आले, मग फिरकेनात. नंतर तुम्ही बोंबील सुकवायचे बंद केले तरी तू मैदानात असलीस की कावळे पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायचे. अण्णांनी तुला काठी फिरवताना पाहिलं आणि ते पोट धरून हसले. मला म्हणाले, "तुझ्यासमोर खेळायला कोणी नाही ना? ती बघ. तिला रॅकेट दे." मी दिली, पण नाखुशीनं. लाकडी रॅकेट होती, माझी एकुलती एक, मला अण्णांची घ्यावी लागली, आणि तुझ्या हाताला मासळीचा वास येत होता.

दोन उन्हाळे मी तुला हरवलं. हे सगळ्यांना सांगत फिरत असते मी, अजूनही. तिसऱ्या उन्हाळ्यापासून मी तुला एकदाही हरवलं नाही, हे सांगत नाही.

मुंबईची ती पहिली स्पर्धा आठवते का? तुझ्या पायात माझे बूट, पुढे कापूस घातलेला. अण्णा आणि मी जाळीमागे. पहिला गेम हरलीस, बाजू बदलली. दुसरा जिंकलीस आणि टॉवेल उचलून सरळ नेट ओलांडून चालू लागलीस. समोरची मुलगी जागच्या जागी. तिला कळेना, ही आपल्याकडे का येतेय. अंपायरने खुर्चीवरून विचारलं, कुठे चाललीस? तू म्हणालीस, "बाजू बदलते." सगळे हसले. मला ओरडून सांगायचं होतं, नलू, इथे तसं नसतं, परत जा. पण बाहेरून खेळाडूला काही सांगायचं नाही, हाही नियमच. अण्णांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. तू परत गेलीस तेव्हा तुझे कान लाल झाले होते, आणि त्यानंतर तुझी एक सर्व्हिस आत पडली नाही.

 परतीच्या गाडीत सफाळे स्टेशन गेलं आणि तू एकदम म्हणालीस, "तिकडं वारा नसतो काय?"

अण्णा म्हणाले, "असतो की."

"मंग एकानंच का खायचा?"

  त्या दिवसापासून 'बाजू बदल' हे आपल्या दोघींचं झालं. दहावीला माझं गणित अडलं, तू म्हणालीस, बाजू बदल, आज भांडी मी घासते, तू अभ्यासाला बस. तुझ्या बाबांनी तुझं लग्न बोईसरच्या एका मुलाशी ठरवायला घेतलं, तेव्हा मी तुझ्या घरी जाऊन त्यांच्याशी तासभर बोलले, कारण तुला बोलताना रडू यायचं आणि मला संताप यायचा. बेटेगावच्या उतारावर सायकलची चेन पडली की जिची पडली ती उभी राहायची, दुसरी हात काळे करायची. एवढं साधं होतं ते. मोठं काही नव्हतं त्यात.

मग तू गेलीसच दूर. खेळावर नोकरी लागली, पुढे नोकरी सोडून नुसतं खेळायचं ठरवलंस. वसाहतीत कुणाला ते पटलं नाही. "टेनिस खेळून पोट भरतं का?" असं मला दुकानात, पोस्टात, स्टेशनवर विचारायचे, जणू मीच खेळायला गेले होते. मी सांगायचे, भरतं. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. तू एसटीडी बूथवरून फोन करायचीस, कधी मद्रासहून, कधी कलकत्त्याहून, पुढे बँकॉकहून, कैरोहून. पहिलं वाक्य ठरलेलं: "वारा कसा हाय तिकडं?" मग धडाधड सगळं सांगायचीस. एका खोलीत चौघी, बेसिनमध्ये धुतलेले कपडे पंख्याला टांगलेले, डब्यातल्या जवळ्याच्या चटणीचा वास आला म्हणून एका गोऱ्या मुलीने खोली बदलून मागितली. तू तिलाही चटणी खायला घातलीस म्हणे, आणि ती पुढच्या स्पर्धेत डबा उघडून बघायला आली. हरल्याचं शेवटी सांगायचीस, फोन ठेवता ठेवता. बहुतेक वेळा पहिल्या फेरीत. "पहिल्या फेरीची महाराणी बोलते" असं म्हणून हसायचीस, आणि मी इकडे वसाहतीतल्या बूथवर तुझा फोन घेत काचेला डोकं टेकून हसायचे.

दिल्लीची ती मॅच मात्र मी तिथे येऊन पाहिली, अजून डोळ्यांसमोर आहे. धुळीचं वादळ उठलेलं, वरच्या मानांकनाची मुलगी प्रत्येक चेंडूला वैतागत होती, आणि तू जणू घरी आली होतीस. वारा तोंडावर असताना तू लॉब मारायची नाहीस, खाली ठेवायचीस चेंडू, गुडघ्याच्या उंचीवर. बाजू बदलताना दोन गेम झाल्याशिवाय निघायचं नाही हे तू आता शिकली होतीस. तरी प्रत्येक गेम संपला की तुझी मान आधी टॉवेलकडे वळायची, मग तुला आठवायचं. ते फक्त मला दिसत होतं. जिंकल्यावर तू माझ्याकडे पाहून दोन बोटं फिरवलीस, बाजू बदल अशी खूण. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, तुमची बहीण का? मी हो म्हणाले.

अण्णा आजारी पडले तेव्हा तू हैदराबादची स्पर्धा सोडून आलीस. मी तुला बोलावलं नव्हतं. बॅगसकट दवाखान्यात आलीस आणि म्हणालीस, "ऊठ. आता माझा गेम. तू दर्याबाजूला जा." आठवडाभर तू त्यांच्याजवळ बसलीस, त्यांचं तोंड पुसलंस, त्यांना चमच्याने पेज भरवलीस. अण्णांना बोलता येत नव्हतं पण तुझ्या हाताकडे बघायचे, सर्व्हिसची पकड नीट आहे ना ते तपासल्यासारखे. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ते बरं दिसलं नसतं. आता मानते, नलू. आता कसंही दिसलं तरी चालेल.

त्या दिवसांत मी पहिल्यांदा तुझ्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं पाहिली. खांदा दुखतो म्हणालीस. मॅचआधी घ्यायची, मॅचनंतर घ्यायची, पुढे पुढे उठल्यावरही घ्यायची. मी किती भांडले तुझ्याशी. बोईसरच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे तू त्यांनाच टेनिस शिकवलंस. "खांदा दुखतो म्हणून खेळायचं नाय, तर मंग काय करू? बोंबील सुकवू?" असं म्हणायचीस. मी गोळ्या लपवल्या, तू दुसऱ्या आणल्यास. मी अबोला धरला, तू माझ्या शाळेच्या दारात उभी राहून वर्गातल्या पोरांना खुणा करून हसवलंस. काय करायचं असतं अशा माणसाचं? मला आजही माहीत नाही. मी जाळीमागे उभी होते आणि तू खेळत होतीस. माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचत होता, तू ऐकत नव्हतीस एवढंच.

खेळ सुटला आणि तू परत आलीस. वसाहतीतल्या पोरींना शिकवायला लागलीस. त्यांनाही आपलाच नियम शिकवलास, प्रत्येक गेमनंतर बाजू. मी म्हटलं, अगं, बाहेर गेल्या की तुझ्यासारखीच फजिती होईल त्यांची. तू म्हणालीस, "होऊ दे. एकदा लाल होतात कान, मंग कळतं." तो आपला बरा काळ होता. रविवारी तुझी आय कालवण करायची आणि मी, मासळी न शिजवणाऱ्या घरातली मुलगी, भाताचा ढीग घेऊन बसायचे.

मग तुझे पाय सुजले. चपला जाईनात. पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मुंबईला पाठवलं. दोन्ही किडन्या गेल्यात जमा. इतकी वर्षं गोळ्या घेतल्यात का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि मी खिडकीबाहेर. मी म्हटलं होतं ना, असं मी कधीच म्हणाले नाही. तेवढं मला जमलं.

मशीनवर रक्त साफ करायला आपण जायचो, यायचो. येताना तू निर्जीव होऊन माझ्या खांद्यावर झोपायचीस. तुझ्या आयला साखरेचा आजार, तिची किडनी चालेना. बाबा नाहीत, भाऊबहीण नाही. माझा रक्तगट जुळला. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी मी बोईसर स्टेशनवर वेड्यासारखी पेढे वाटत सुटले असते, इतकी खूश होते. मला वाटलं, हे तर आपलंच. किती गेम तू एकटीनं वाऱ्यात काढलेस, आता माझा. इतकं सोपं उत्तर समोर असताना लोक आजाराला का भितात असंही वाटून गेलं.

"नात्याने तुम्ही कोण?" मुंबईच्या दवाखान्यात विचारलं.

"मैत्रीण."

रक्ताच्या नात्यातलं माणूस लागतं, नाहीतर समिती, परवानगी, चौकशी. तो नियम चांगल्यासाठी केला असणार. गरिबांच्या किडन्या विकल्या जात होत्या, मी वाचलं होतं. मी सगळीकडे गेले, ज्याला सांगायचं त्याला सांगितलं, हात जोडले. सगळे नीट बोलले माझ्याशी. कुणावर रागवावं असं कुणी सापडलंच नाही. कागद फिरत राहिले आणि तू बारीक होत गेलीस.

आणि एवढं करून तू काय केलंस? मी तुला सांगितलं, परवानगी मिळेल, तू फक्त हो म्हण. पुरे झालं डोंगरबाजूनं, आता बाजू बदल. तर तू छताकडे बघत म्हणालीस, "बाजू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बदलतात. रूल हाय."

मला खरं वाटेना. आयुष्यभर जो नियम तुझ्या डोक्यात शिरला नाही तो तू मला सांगत होतीस. मी म्हटलं, "आपल्या कोर्टावर नाही."

तू माझा हात हातात घेतलास. तुझ्या तळव्यावरचे घट्टे अजून होते. "हे आपलं कोर्ट नाय, वंदे."

मी उठून जिन्यात गेले आणि तिथे बसून रडले. परत आले तर तुला झोप लागली होती. त्यानंतर आपण बोललो ते आयच्या औषधांचं, चहात साखर कमी आहे त्याचं. परत येताना गाडीत मला उत्तर सुचलं. कोर्ट कुणाचंही असो, समोरासमोर तू आणि मी आहोत ना, मग नियम आपला. पुढच्या खेपेला हे सांगायचं असं ठरवून गेले. पुढच्या खेपेला तुझ्या तोंडात नळी होती आणि मी काचेबाहेर उभी होते. आत जाऊ देत नव्हते. मी काचेवर दोन बोटं फिरवली. तुझे डोळे मिटलेले होते.

दहाव्याला घिवलीच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला. एरवी तिथे कावळ्यांचा गोंधळ असतो. त्या दिवशी सगळे सुरूच्या झाडांवर बसून राहिले, खाली एक उतरेना. तुझ्या मामांनी सांगितलं, तुझ्या आयला अंतर देणार नाही. कावळा नाही. तुझ्या शिकवणीतल्या पोरींनी सांगितलं, आमी खेळणं सोडणार नाय. कावळा नाही. मग सगळे माझ्याकडे बघत म्हणाले, वंदे, तू तिच्या जवळची, तुझ्यावर काही अडलंय का बघ. मी काय सांगणार होते? जे द्यायचं होतं ते तू घेतलं नाहीस. मी नुसती वाळूत उभी राहिले. ऊन वर आलं, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि उरकलं. कोण काय म्हणेल म्हणून सगळे खाली बघत होते. तुझी आय मात्र झाडाकडे बघत होती. म्हणाली, "भितात ते तिला. अजून भितात."

आणि ती हसली, नलू. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मीही हसले, मग आम्ही दोघी एकमेकींना धरून तिथेच बसलो.

काल संध्याकाळी मी कोर्टावर गेले. पोरी अजून येत नाहीत, सुतक फिटलं तरी पाळतात. नेट सैल झालंय, तुझ्या बाजूच्या रेषा पुसट झाल्यात. वारा नेहमीसारखा होता. मी डोंगरबाजूला उभी राहिले, सूर्य डोळ्यांत घेऊन, आणि तुझ्या पिशवीतले चेंडू एकेक करून मारले. बरेच वाऱ्याने परत ढकलले. काही पलीकडे पडले आणि घरंगळत जाळीला जाऊन लागले, जिथे कधीकाळी बोंबील लटकलेले असायचे. चेंडू संपले. मी सवयीने टॉवेल उचलला आणि नेटपर्यंत चालत गेले. तिथे उभी राहिले. पुढे जाता येईना. मी तिकडे गेले तर इकडे कोण येणार होतं?

मी परत मागे आले, डोंगरबाजूला. अंधारून येईपर्यंत तिथेच होते.

तू म्हणालीस, हे आपलं कोर्ट नाय. ते दवाखान्यात चाललं, मी ऐकून घेतलं. पण हे आपलंच आहे गं. इथे नियम आपला आहे, अण्णांचा आहे, तुझा आहे. माझा गेम कधीच संपला, नलू. वारा फार आहे. बाजू बदल ना.